पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि आमचा विटांचा वाडा

अहिल्याबाई होळकर हे नाव आपणांस शाळेच्या पुस्तकापासून परिचित आहे. पांढरे वस्त्र, डोक्यावरून घेतलेला पदर आणि हातात शिवपिंडी, असे त्यांचे चित्र बहुतेक शाळांच्या भिंतींवर असते. ह्या चित्राने त्यांची भक्ती आपल्या मनावर ठसली हे खरे, पण त्यांचे काम काहीसे झाकले गेले. देशाच्या चारही दिशांना त्यांनी देवळे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, पडलेल्या उभ्या केल्या, हे आपण पाठ केलेले असते. त्यासाठी पैसा कोठून आला, बांधकाम कोणत्या साहित्याचे होते आणि बांधून झाल्यावर ते सांभाळायचे कोणी, हे प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाहीत.

माझ्या मनात ते आले ह्याचे कारण घरगुती आहे. औंढा नागनाथच्या बाजूला आमचे गाव आहे. गावात आमचा जुना वाडा आहे. जोत्यापर्यंत काळा दगड, त्यावर भाजलेल्या पातळ विटा, चुन्याच्या दरजा, सागवानी खांब आणि वर माळवद. दाराशी ढाळज, आत चौक, चौकाभोवती सोपे आणि एका कोपऱ्यात आता रिकामे पडलेले बळद. हा वाडा पाडून तेथे स्लॅबची घरे बांधावीत की वाडाच नीट करावा, ह्यावर गेली दोन वर्षे आमच्या घरात वाद चालला होता. त्याच सुमारास मराठेशाहीचा उत्तरकाळ आम्हांला अभ्यासाला होता. एकीकडे वाड्याच्या विटा आणि दुसरीकडे अहिल्याबाईंचे चरित्र अशा दोन गोष्टी माझ्यापुढे एकाच वेळी आल्या. त्यांचा मेळ जसा मला लागला तसा वाचकांपुढे ठेवते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी ह्या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या अगदी शिवेवर आहे. तो जिल्हा पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखला जाई. २०२४ पासून तो अहिल्यानगर ह्या नावाने ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, धनगर कुळातले. मल्हारराव होळकरांनी ह्या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिले आणि सून म्हणून पसंत केली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांचे लग्न मल्हाररावांचे पुत्र खंडेराव ह्यांच्याशी झाले. पुढे मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

सासरे मल्हारराव हे मेंढपाळाच्या घरातून स्वतःच्या तलवारीवर वर आलेले. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्याची मोठी जहागीर त्यांच्याकडे आली. वर्षातले आठ महिने ते मोहिमेवर असत. मागे घर, हिशेब, रसद आणि दारूगोळा पाहणारे विश्वासाचे माणूस त्यांना हवे होते आणि ते त्यांना सुनेत सापडले. मल्हाररावांची सुनेला लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. १७६५ च्या एका पत्रात ते तिला ग्वाल्हेरच्या बाजूला जाऊन तोफखाना आणि दारूगोळा ह्यांची व्यवस्था लावण्यास सांगतात. ज्या काळी घरातल्या बाईचे मत ढाळजेपर्यंतही पोहोचत नसे, त्या काळी एक सासरा सुनेवर तोफखाना सोपवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. आमच्या ढाळजेत वाड्याची चर्चा चाले तेव्हा आम्ही मुली आत सोप्यात बसून ऐकत असू. म्हणून कदाचित ती अधिकच मोठी वाटली असेल.

ह्या कर्तृत्वामागे दुःखाची मोठी रांग आहे. मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. १७६१ मध्ये पानिपत झाले आणि त्याच वर्षी सासू गौतमाबाई गेल्या. मे १७६६ मध्ये मल्हारराव आलमपूर येथे वारले. गादीवर बसलेले मालेराव पुढच्याच वर्षी, ऐन तारुण्यात मरण पावले. अवघ्या तेरा वर्षांत पती, सासू, सासरा आणि मुलगा अशी चार माणसे गेली. घराचे सगळे खांब एकामागून एक कोसळावेत आणि तुळई मात्र अधांतरी राहावी, अशी ही अवस्था होती.

अशा वेळी घर लुटायला लोक टपलेले असतात. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी राघोबादादांशी संधान बांधले. एखादा लहान मुलगा दत्तक द्यावा आणि कारभार आपल्या हाती घ्यावा, असा त्यांचा बेत होता. राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. अहिल्याबाईंनी न घाबरता सैन्य सज्ज केले, शेजारच्या मराठे सरदारांकडे मदतीची पत्रे पाठवली आणि स्त्रीशी लढून जिंकलात तरी कीर्ती नाही व हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, हे राघोबादादांच्या ध्यानी आणून दिले. आपण केवळ समाचारासाठी आलो आहोत असे सांगून राघोबादादांनी तो प्रसंग निभावून नेला. पेशवे माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. १७६७ पासून राज्याचा कारभार त्यांच्याकडे आणि फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे, अशी वाटणी झाली. मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, त्यांनी राज्य केले. राजधानीसाठी त्यांनी नर्मदेच्या काठचे महेश्वर निवडले.

महेश्वरचा त्यांचा वाडा पाहिलेले लोक सांगतात की तो राजवाडा वाटतच नाही. विटा, चुना आणि लाकूड ह्यांचा, चौक आणि सोपे असलेला तो साधा मराठी वाडा आहे. आपल्याकडच्या एखाद्या देशमुखाच्या वाड्यासारखा. समोरचे नर्मदेचे घाट मात्र घडीव दगडाचे आणि भव्य आहेत. स्वतःचे घर विटामातीचे आणि लोकांसाठी दगडाचा घाट, ह्या एका गोष्टीतून त्यांचा स्वभाव कळतो. महेश्वरात त्यांनी विणकर आणून वसवले. आज सर्वत्र प्रसिद्ध असलेली महेश्वरी साडी ही त्या वसाहतीची देणगी होय.

त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहताना, अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून त्याने माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात ती दिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या सूर्योदयाच्या आधी उठत. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि भोजन झाल्यावर थोडी विश्रांती घेत. दुपारी पांढरी वस्त्रे नेसून दरबारात बसत, त्या सूर्यास्तापर्यंत. संध्याकाळची पूजाअर्चा झाल्यावर रात्री नवापासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज चाले. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत आणि कोणीही गाऱ्हाणे घेऊन थेट त्यांच्यापुढे उभा राहू शके. विधवेने दत्तक घेतला की सरकारने नजराणा उकळायचा ही त्या काळची सर्रास रीत होती. ती त्यांनी मानली नाही. भिल्लांच्या टोळ्या वाटा अडवीत, त्यांचा बंदोबस्त त्यांनी दोन्ही बाजूंनी केला. आधी जरब बसवली आणि मग वाटसरूंकडून ठरावीक लहानसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली.

आता बांधकामाकडे वळू. काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास उभारले. सोमनाथला १७८३ मध्ये आणि गयेच्या विष्णुपदाचे १७८७ मध्ये असे त्यांचे काम झाले. आपल्या मराठवाड्यात वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी गौतमाबाई आणि अहिल्याबाई ह्या सासूसुनेचे नाव जोडलेले आहे. औंढ्याच्या नागनाथाचा जीर्णोद्धारही अहिल्याबाईंनी केला असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. ह्या यादीतली बहुतेक गावे होळकरांच्या राज्यात नव्हती, हे विशेष होय. काशी अयोध्येच्या नबाबाच्या आणि नंतर इंग्रजांच्या अमलाखाली होती. औंढा हा निजामाचा मुलूख होता. ज्या निजामाशी पेशव्यांच्या लढाया होत होत्या, त्याच्याच मुलखात होळकरांची बाई विटा आणि चुना पाठवते, ह्याचा आपण विद्यार्थ्यांनी विचार केला पाहिजे. राज्याची सीमा आणि माणसाच्या श्रद्धेची सीमा एक नसते, हे त्या व्यवहाराने जाणत होत्या.

ह्या सगळ्याला पैसा लागला तो राज्याच्या खजिन्यातून आलेला नव्हता. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी म्हणून स्वतंत्र उत्पन्न लावून दिले होते. सुमारे ३ लाख रुपयांचे ते उत्पन्न सासूमागून सुनेकडे आले. दौलतीचा पैसा फौजेला आणि कारभाराला, खासगीचा पैसा धर्मकार्याला, असे दोन वेगळे हिशेब अहिल्याबाईंनी कसोशीने सांभाळले. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. देऊळ बांधून त्या थांबत नसत. पूजाअर्चा आणि अन्नछत्र ह्यांसाठी ठरावीक उत्पन्न त्या लावून देत. पहिला चुना लावणारे पुष्कळ असतात, दर वर्षाचा चुना कोण देणार हे आधी ठरवणारा विरळा.

औंढ्याचे देऊळ हिंगोलीपासून पंचवीसएक किलोमीटरवर आहे, त्यामुळे आपल्या महाविद्यालयातल्या बहुतेकांनी ते पाहिले असेल. मी ह्या वर्षी ते पुन्हा पाहिले, ह्या वेळी विटांसाठी. खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, मूर्तींनी आणि नक्षीने भरलेला. गाभारा खाली, अरुंद पायऱ्या उतरून जाण्याचा. मूळचे देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडले गेले असे सांगतात. त्या उरलेल्या दगडी अंगावर मराठेशाहीत वरचा भाग चढवला गेला, तो विटा आणि चुन्याचा. खालची बारीक कोरीव रेषा जेथे संपते तेथून वर साधे, गोलाईदार, चुन्याच्या गिलाव्याचे काम सुरू होते. दोन काळांचा सांधा अगदी स्पष्ट दिसतो.

पहिल्यांदा पाहताना तो सांधा डोळ्याला खटकतो. वरचे काम खालच्याच्या तोलाचे नाही, असे कोणीही म्हणेल. पण थोडा वेळ उभे राहून पाहिले की त्यातला विचार कळू लागतो. मोडलेल्या मूर्ती काढून टाकल्या नाहीत, जुना दगड फोडून पायात भरला नाही. जे उरले होते ते जसेच्या तसे ठेवून, त्याला पेलेल इतके हलके काम वर चढवले. आधीच धक्का बसलेल्या जोत्यावर पुन्हा दगडाचे ओझे टाकण्यापेक्षा विटा कितीतरी हलक्या. शिवाय विटा आणि चुना गावच्या भट्टीत तयार होतात. खाणी, पाथरवट आणि गाडीवाट ह्यांचा खर्च वाचतो. सोमनाथलाही त्यांनी पडक्या देवळापासून थोड्या अंतरावर लहानसे नवे देऊळ बांधले. जेथे जुने पेलणारे होते तेथे त्यावर चढवायचे, जेथे नव्हते तेथे शेजारी नवे उभारायचे, असा हा व्यवहारी मार्ग होता.

चुन्याविषयी आता सांगितले पाहिजे, कारण आमच्या घरचा वाद शेवटी चुन्यावरच येऊन ठेपला. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग तो वाळू किंवा सुरकी, म्हणजे भाजल्या विटेची भुकटी, घालून घाणीत मळायचा. बैल दगडी चाक फिरवतो आणि गोल चरात चुना दळला जातो, ती ही घाणी. कोठे गूळ, कोठे बेलफळाचे पाणी, कोठे उडदाचे पीठ त्यात घालण्याची रीत होती. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. ह्याला दिवस लागत नाहीत, वर्षे लागतात. सुरकीमुळे तो ओलीतही धरतो. आमच्या काळ्या रानात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत थोडी माती असते, त्यामुळे त्यांचा चुना आपोआपच पाण्याला अधिक टिकतो.

चार वर्षांपूर्वी वाड्याच्या मागच्या भिंतीला लोणा लागला म्हणून एका ठेकेदाराकडून तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. पहिले वर्ष भिंत सुरेख दिसली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि त्यांच्याबरोबर विटांची तोंडेही निघून आली. असे का झाले ते आमच्याकडे आलेल्या एका वयस्क गवंड्याने समजावून सांगितले आणि पुढे वाचनात तेच आढळले. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. जमिनीतली ओल तिच्यात चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. भिंत श्वास घेते म्हणा ना. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आतच कोंडते. तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे खड्यांसारखे जमतात आणि विटेला आतून फोडतात. दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तसे घर किंचित हलते. सिमेंट हे हलणे सोसत नाही, तडकते. चुना थोडे सोसतो आणि बारीक भेग पडली तरी पाण्याबरोबर विरघळलेला चुना तीत जाऊन बसतो व ती बुजवतो.

पण वाद इतका सरळ नव्हता. थोरले काका पाडण्याच्या बाजूचे होते आणि त्यांचे कारण हलके नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. काका त्या वेळी मदतीसाठी तिकडे गेले होते. जे पाहिले ते त्यांनी अजून पुरते सांगितलेले नाही. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये आपल्या हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले, तेव्हा सगळे घर रात्री चौकात बसून होते. जुन्या घराचे प्रेम माणसांच्या जिवापेक्षा मोठे नाही, हे काकांचे म्हणणे कोणालाही खोडता येण्यासारखे नव्हते. उलट आजीला ह्याच वाड्यात साठ वर्षे झालेली. तिचे म्हणणे असे की वाडा वाईट नाही, त्याची निगा थांबली ते वाईट. पूर्वी मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकली जाई, पन्हाळी साफ होत, दिवाळीआधी सगळ्या भिंती पोतारल्या जात. माणसे नोकरीसाठी परभणीला आणि संभाजीनगरला गेली, माळवदावर नुसती मातीवर माती चढत राहिली आणि कुजलेल्या तुळया कोणी बदलल्या नाहीत.

मला येथे इंदूरच्या राजवाड्याची आठवण झाली आणि ती मी सर्वांपुढे मांडली. मल्हाररावांच्या काळात, १७४७ च्या सुमारास, हा सात मजली वाडा बांधावयास घेतला गेला. खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले तेव्हा तो जाळला गेला आणि पुढे पुन्हा उभा राहिला. १९८४ च्या दंगलीत त्याला परत आग लागून मागचा भाग भस्मसात झाला. वीस वर्षे ती जागा तशीच होती. मग होळकर घराण्यातल्या उषाराजे ह्यांनी पुढाकार घेऊन २००६-०७ मध्ये मागचा भाग जुन्या धाटणीप्रमाणे, पारंपरिक साहित्यात, पण भूकंपाचा विचार करून पुन्हा बांधवून घेतला. म्हणजे जुने साहित्य आणि नवी दक्षता ही एकमेकांची वैरी नाहीत.

शेवटी जाणकार अभियंत्याला बोलावून वाडा दाखवला. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट काकांच्या बाजूची होती: माळवदावरची दोन हात माती उतरवलीच पाहिजे, ती राहिली तर घर धोक्याचे. दुसरी आजीच्या बाजूची होती: चुन्यातल्या भाजल्या विटांच्या भिंती धड आहेत, त्या दगडमातीच्या भिंतींसारख्या नाहीत; कोपरे बांधून घ्या, भिंतींना वरून लाकडी पट्ट्यांनी एकत्र आवळा आणि छप्पर हलके करा. मागची दोन दालने फार खचली होती, ती पाडून काकांनी तेथे आपले नवे घर बांधावे असे ठरले. ढाळज, चौक आणि पुढचे सोपे दुरुस्तीला घेतले. चुना महिनाभर पाण्याखाली मुरवला. सिमेंट खरवडून काढले, गेलेल्या विटांच्या जागी पाडलेल्या दालनांतल्या चांगल्या विटा बसवल्या आणि दरजा नव्याने भरल्या. हिशेबाची वही माझ्याकडे होती. सिमेंटच्या कामाहून दिवस जास्त लागले आणि मजुरीही जास्त गेली, हे त्या वहीवरून मी प्रामाणिकपणे सांगू शकते. पण विटा, खांब आणि दगड विकत आणावे लागले नाहीत, आणि लोणा लागलेली भिंत ह्या पावसाळ्यानंतर कोरडी आहे.

अहिल्याबाईंच्या आयुष्याचा शेवट शांत झाला नाही. मुक्ताबाईंचा तरुण मुलगा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. आईने परोपरीने विनवले, पण लेकीने ऐकले नाही. माल्कम सांगतो की अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या आणि त्यानंतर तीन दिवस त्यांनी जवळजवळ काहीच अन्न घेतले नाही. सासऱ्याच्या शब्दाखातर ज्या स्वतः मागे फिरल्या, त्यांना आपल्या मुलीला मागे फिरवता आले नाही. न्यायासाठी सर्वांना दार उघडे ठेवणाऱ्या राज्यकर्तीलाही ही रूढी मोडता आली नाही, हे लिहिताना मन जड होते. चरित्र लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे. मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरात एक सुंदर वास्तू उभारली.

मार्च १७९५ मध्ये मराठ्यांची आणि निजामाची खर्ड्याची लढाई झाली. खर्डा हे गाव चौंडीच्याच तालुक्यातले. मराठ्यांचा तो अखेरचा मोठा एकत्र विजय. त्यात तुकोजी होळकरही होते. त्यानंतर पाच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहिल्याबाईंनी महेश्वर येथे देह ठेवला. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत इंदूर जळले, दौलत विस्कटली आणि १८१८ मध्ये मराठ्यांचे राज्य गेले. जिंकलेले मुलूख हातचे गेले. त्यांनी उत्पन्ने लावून दिलेल्या देवळांतले दिवे आणि अन्नछत्रे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली.

२०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि सर्वत्र समारंभ झाले. समारंभ व्हावेतच. पण आपल्या जिल्ह्यात गावोगावी गढ्या आहेत, वाडे आहेत, बारवा आहेत. त्यांतल्या काही पाडाव्याच लागतील, काही वाचवता येतील. कोणती पाडायची आणि कोणती राखायची हे ठरवण्यासाठी आधी त्या भिंतीजवळ जाऊन वीट हाताने दाबून पाहावी लागते, ओल कोठून येते ते शोधावे लागते, जाणत्याला विचारावे लागते आणि पुढच्या वर्षीचा चुना कोण देणार ते वहीत लिहून ठेवावे लागते. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या मृगाआधी करावयाच्या कामांची यादी आहे, आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव. त्यांत काकांचेही नाव आहे.